बांध गावाचा, खाचर घराचं

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून दक्षिणेला निघालं की रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली, कोपरखैरणे अशी नावं नाक्यांच्या आणि स्टेशनांच्या पाट्यांवर भेटत जातात. गावं मात्र शोधावी लागतात. रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसीचा पट्टा, पश्चिमेला सिडकोने आखलेली वसाहत आणि या दोघांच्या चिमटीत एकमेकांना टेकलेल्या घरांचं गावठाण. तळवलीही त्यातलीच. बाहेरून आलेल्याला वाटतं, इथे पडीक दलदल होती, तिच्यावर शहर वसवलं आणि चार गावं त्यात सापडली. हा समज नवी मुंबईच्या आराखड्याइतकाच जुना आहे आणि तितकाच चिवट. पारसिकच्या डोंगरापासून ठाण्याच्या खाडीपर्यंतची ही पट्टी पडीक नव्हती. कोकणात सगळ्यात जास्त देखभाल मागणारी जी जमीन असते, खारजमीन, ती इथे होती.

भरतीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं त्या खाजणावर चिखलाचा बांध घालून पाणी अडवलं की आतल्या बाजूला खारजमीन मिळते. ती लगेच पिकत नाही. सुरुवातीचे पावसाळे मीठ धुऊन जाण्यातच जातात. पुढेही दर उन्हाळ्यात तळाचं मीठ केशाकर्षणाने वर येऊन ढेकळांवर पांढरं साचतं आणि दर जूनमध्ये पावसाने ते पुन्हा धुवावं लागतं. हे धुतलेलं पाणी बाहेर काढायची वाट म्हणजे उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने तिची झडप उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. यंत्र नाही, वीज नाही. पण झडपेत एखादं लाकूड अडकलं आणि रात्रभर कोणी पाहिलं नाही, तर सकाळी खाचरात खाडी. बांधाचंही तसंच. खेकडे त्यात बिळं करतात, बिळातून पाणी झिरपतं, झिरपण्याची धार होते आणि एखाद्या अमावास्येच्या उधाणाला बांधाला खांड पडते. एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे भाताची आशा सोडायची.

अशा जमिनीत पिकणारं भातही वेगळं. काळा रत्ता, भुरा रत्ता हे क्षार सोसणारे जुने वाण. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे सुधारित वाण काढले. रोप उपटून लावणी करण्याऐवजी मोड आणलेलं बियाणं चिखलात फेकायचं, या पद्धतीला रहू म्हणतात. वर्षातून एकच पीक. दुसरं घेणं शक्य नाही, कारण पाऊस संपला की मीठ परत वर यायला लागतं.

एका पिकावर घर चालत नाही, हे खारेपाटातल्या, म्हणजे खारजमिनीच्या पट्ट्यातल्या, माणसाला कृषी विस्तार अधिकाऱ्याने सांगायची गरज नव्हती. पहिल्या पावसात वळगणीचे मासे उलटे चढून खाचरात यायचे. बांधाच्या कडेच्या तळ्यांत जिताडा वाढायचा. अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंड भागात घरोघरची अशी तळी अजून आहेत. उघाडीच्या तोंडाशी कोळंबी आणि चिवणी, ओहोटीच्या चिखलात निवटे, चिंबोऱ्या, खुबे. डोंगराकडच्या गोड्या जमिनीत भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल. वरकस जमिनीत नाचणी, गवत आणि राबासाठी पालापाचोळा. आणि पाऊस ओसरल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत मिठागरावरची कामं. आगरी आणि कोळी कुटुंबांचं वर्ष असं चार-पाच कमायांवर वाटलेलं होतं आणि एक काम संपताना दुसरं सुरू व्हायचं. भात बुडालं तर मासळी होती, मासळी कमी पडली तर मीठ होतं. यातली बरीचशी कमाई सातबाऱ्यावर कुठेच नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती महाग पडली.

या सगळ्या कमायांचा पाया एकच, तो म्हणजे बांध. खाचर ज्याचं त्याचं. पण खाडीकडचा बाहेरचा बांध एकट्याचा असूच शकत नाही. खांड कोणाच्या खाचरासमोर पडली याला अर्थ नसतो, कारण आत आलेलं पाणी गट क्रमांक विचारत नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात यासाठी जोळ पद्धत होती. बांध फुटल्याची हाक आली की घरटी एक माणूस कुदळ-घमेलं घेऊन हजर. मोठ्या जमीनवाल्याच्या घरातून एक आणि छोट्याच्याही घरातून एक. हे न्याय्य होतं का, असं आज कोणी विचारेल. जमिनीच्या प्रमाणात माणसं मागितली असती तर हिशेब चोख झाला असता, पण भरती परतायच्या आत तो करणार कोण? घरटी एक हा नियम सोपा होता आणि भांडणाला जागा ठेवत नव्हता. सामूहिक व्यवस्थापनात चोख नियमापेक्षा पटकन लागू होणारा नियम जास्त दिवस टिकतो, असं माझं मत आहे, आणि खारबांध हा त्याचा चांगला पुरावा आहे.

जुन्या व्यवस्थेला सोनेरी मुलामा द्यायचं मात्र कारण नाही. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शिलोत्री नावाची पद्धत होती. बांध घालणारा शिलोत्रदार देखभालीपोटी कुळांकडून बिघ्यामागे ठरलेलं भात घ्यायचा. कालांतराने भात घेणं चालू राहिलं आणि बांध बघणं मागे पडलं. वर खोतीचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांचा, जाच. अलिबागजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीन कसणंच थांबवलं. हा संप सुमारे सहा वर्षं चालला आणि पंचवीस गावांत पसरला. पेरलं नाही तरी लोक जगले ते बाकीच्या कमायांवर: लाकूडफाटा, मासळी, मजुरी. संपाच्या इतिहासात नेत्यांची भाषणं येतात, उपजीविकेचा हा आधार फारसा येत नाही. एकाच पिकावर जगणाऱ्या गावाला सहा वर्षं जमीन ओसाड ठेवणं जमलं नसतं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं त्यामागे चरीचा रेटा होता.

स्वातंत्र्यानंतर कायदे भराभर आले. १९४८ मध्ये खारजमीन विकासाचा कायदा आणि मंडळ, त्याच वर्षी कूळ कायदा, १९४९ मध्ये खोती निर्मूलन, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारा मालक झाला. बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. यात सोय होती, पैसा होता, दगडी पिचिंग होतं. पण गावाने बघायचा बांध खात्याने बघायचा झाला, आणि खातं निविदा काढून येतं, उधाण तसं येत नाही. जोळ कमी होत गेली. म्हणजे जमीन कुळाच्या नावावर आली त्याच काळात तिला जिवंत ठेवणारी सामाईक शिस्त सैल पडायला लागली. दोन्ही गोष्टी चांगल्या हेतूने झाल्या.

आता तळवलीच्या पट्ट्याकडे परत येऊ. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे खाडीपलीकडची औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको अस्तित्वात आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटर जमीन आराखड्यात आली. १९५७ मध्ये मालक झालेल्या कुळाच्या वाट्याला मालकीची जेमतेम तेरा वर्षं आली.

संपादनाने जमीन मोजली आणि भाताच्या उत्पन्नावर तिची किंमत धरली. खारजमीन एकपिकी, म्हणून किंमत कमी. तळी, उघाडीवरची मासळी, मिठागरावरची मजुरी, खाडीतलं चिंबोरं यांचा रकाना नव्हता. ज्याच्या नावावर सातबारा नाही पण ज्याचं घर याच जमिनीवर चाललेलं, असा मीठकामगार किंवा खाडीत पाग टाकणारा माणूस हिशेबात आलाच नाही. अडाणीपणाने कोणी फसवलं, एवढीच ती गोष्ट नाही. मोजमापाची पद्धतच एका मालकाला एक जमीन आणि एक पीक अशी होती, आणि इथली जमीन तशी नव्हती.

भाव वाढवून मिळावा आणि विकसित जमिनीत वाटा मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. शासन निर्णय १९९० आणि १९९४ चे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. भारतातल्या भूसंपादनाच्या इतिहासात हे मोठं पाऊल होतं. जमीन गेलेल्या माणसाला शहराच्या वाढीत वाटेकरी करायचं, हे तत्त्व सरकारने मान्य केलं.

पण हिशेब करून बघा. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन गेली. कागदावर १,२५० चौरस मीटर मिळायला हवेत. त्यातले ३.७५ टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वजा, हातात ८.७५ टक्के, म्हणजे ८७५ चौरस मीटर. दीड चटई निर्देशांक, बांधकामात १५ टक्के वाणिज्य वापराची मुभा. एका कुटुंबाला हे पुष्कळ आहे. पण १९५७ चा मालक जाऊन त्याचे वारस पाच-सात आणि त्यांचीही मुलं हाताशी आलेली असताना तो भूखंड येतो. वारसदाखला, हरकती, सोडत यांत वर्षं जातात. बांधायला भांडवल नाही. मग खातेदार, बिल्डर आणि सिडको यांचा त्रिपक्षीय करार होतो. एकरकमी पैसे येतात, त्यातून लग्नं, गाड्या, आजारपणं निघतात, आणि वीस वर्षांनी त्या भूखंडावरच्या गाळ्याचं भाडं दुसऱ्याच कोणाला मिळत असतं. आगरी माणसाला पैसा सांभाळता आला नाही, असं शहरात सहज बोललं जातं. मला ते बोलणं आळशी वाटतं. एकट्याला न झेपणारी मालमत्ता एकेकट्याला दिली की ती विकली जाते. तो माणूस आगरी असो की आणखी कोणी.

गावठाणात मात्र लोकांनी स्वतःच्या बुद्धीने एक मार्ग काढला. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही, म्हणून लगतच्या संपादित जागेवर घरं चढली. त्यांना गरजेपोटी बांधलेली घरं म्हणतात. वरच्या मजल्यांवरच्या खोल्या एमआयडीसीत आणि शहरात काम करणाऱ्यांना भाड्याने गेल्या. नवी मुंबईत कमी पगाराच्या माणसाला परवडणारं घर बरंचसं गावठाणांनी पुरवलं आहे, नियोजित शहराने नाही. गरजेपोटीची ही घरं नियमित करण्यासाठी २०२२ मध्ये शासन निर्णय आला, त्यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत. अरुंद गल्ल्या, आगीचा बंब आत जाणार नाही अशी वळणं, हे दोष खरे आहेत. तरी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडापेक्षा या खोल्यांनी जास्त घरांना महिन्याची कमाई दिली असावी, असं मला वाटतं.

दुसरी वाट होती का? पुण्याजवळ हडपसरला ती चालून पाहिली गेली. तिथल्या मगरपट्ट्यातल्या सुमारे ४०० एकर जमिनीवर शहर येणार हे दिसत होतं. बहुतांश मगर कुळातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने जमिनी एकत्र केल्या, स्वतःची कंपनी काढली आणि प्रत्येकाला जमिनीच्या प्रमाणात भाग दिले. मगरपट्टा सिटी उभी राहू लागली ती २००० च्या सुमारास. विक्रीच्या पैशात वाटा होताच, शिवाय आयटी इमारती विकून न टाकता भाड्याने दिल्या आणि भाडं भागधारकांकडे येत राहिलं. शेतकऱ्यांच्या मुलांनी खडी-वाळू पुरवणं, मातीकाम, बागकाम अशी कंत्राटं घेतली, त्यासाठी त्यांना शिकवलं गेलं. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेडला याच धर्तीवर सुमारे ७०० एकरांची नांदेड सिटी झाली.

मगरपट्ट्याचं कौतुक करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, तिथे एकाच भावकीचं प्राबल्य होतं, जमीन बागायती होती आणि सौदा करायला वेळ मिळाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जमीन आधी सरकारने घेतली, शेतकऱ्याला विचार करायची संधी मागून आली. दुसरी गोष्ट अवघड आहे. कंपनीचे भाग जमीनवाल्यांना मिळाले. त्या शेतांवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला भाग नव्हता. सातबारा नसलेला माणूस हडपसरलाही हिशेबाबाहेरच राहिला. हा दोष वगळता कंपनीची रचना मात्र जोळीच्या जवळ जाणारी आहे: मालकी घराघराची, पण ज्यावर सगळ्यांची कमाई उभी आहे ते एकत्र सांभाळायचं. साडेबारा टक्क्यांचे भूखंड गावागावाने एकत्र करून असं काही करता आलं असतं. योजनेने त्याला मनाई केली नव्हती, पण उत्तेजनही दिलं नाही.

जिथे जमीन संपादित झाली नाही, तिथलं चित्र वेगळ्या तऱ्हेने बिघडलं. पेण आणि अलिबाग तालुक्यांत सरकारी बांध फुटले, दुरुस्ती लांबली, खारं पाणी आत राहिलं आणि शेतात तिवराची झाडं उगवली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीला आणि त्यांच्या भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यातल्या बांधकामाला बंदी घातली. २०१८ च्या निकालाने ती पक्की झाली. निकाल योग्यच आहेत, कांदळवनाशिवाय ही किनारपट्टी उधाणात टिकणार नाही. पण ज्याच्या खाचरात खात्याच्या दिरंगाईमुळे तिवर आला, त्याला आता बांध दुरुस्त करायलाही परवानग्या शोधाव्या लागतात. शेत त्याच्या नावावर, वापर कशाचाच नाही.

यातून बाहेर पडायची एक धडपड तळवलीपासून थोड्याच अंतरावर, ऐरोलीच्या खाडीत दिसते. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या यादीत आला. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. हिवाळ्यापासून रोहित पक्षी दाखवणाऱ्या बोटी तिथून सुटतात. २०१७ पासून राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना आहे: खेकडापालन, कालवं आणि शिंपले, पिंजऱ्यातला जिताडा, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन. गटाने प्रकल्प घेतला तर ९० टक्के खर्च सरकारचा, एकट्याने घेतला तर ७५ टक्के. ही पंधरा टक्क्यांची तफावत मला साऱ्या योजनेतली सगळ्यात शहाणी तरतूद वाटते. एकत्र येण्याला सरकारने इथे पैशांत किंमत दिली. जिताडा, चिंबोरी, कालवं ही यादी वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. संपादनाच्या वेळी ज्या कमायांना रकाना नव्हता, त्याच आता अनुदान देऊन परत आणल्या जात आहेत.

हे सगळं जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही, कारण तीच वेळ पुन्हा आली आहे. २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं गेलं. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर असं त्याचं नाव. शेजारच्या नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभाव क्षेत्रात नगर रचना योजनांतून शेतकऱ्याला ४० टक्के विकसित भूखंड देण्याचं सूत्र आहे. साडेबारापेक्षा हे खूप जास्त, यात शंका नाही. पण ४० टक्के कशाचे? ज्याची मोजणी झाली त्याचे.

म्हणून या १२४ गावांतल्या वाचकांना एक विनंती. मोजणीची नोटीस येण्याची वाट पाहू नका. ग्रामसभा बोलवा आणि इतिवृत्तात लिहून घ्या: बाहेरचा बांध कुठून कुठे जातो, उघाड्या किती, तळी कोणाची, खाडीत कोणकोण जाळं टाकतं, मिठागरावर कोण जातं, वरकसातलं गवत कोण कापतं. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्यांची घरं आधी लिहा. आणि भूखंड घ्यायचेच असतील तर ते एकेकट्याने घ्यायचे की गावाची कंपनी किंवा सहकारी संस्था काढून, याचा ठराव वाटाघाटीला बसण्याआधी करा, नंतर नाही.